तीस टक्के उजेड

दिव्याच्या बाबतीत मराठी मध्यमवर्गाला तीनच पायऱ्या ठाऊक आहेत: बंद, चालू आणि झिरो. यातली पहिली सर्वांत महत्त्वाची आणि ती वडिलांच्या अखत्यारीतली. खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर "मागे नोकर ठेवलेत का लाइट बंद करायला?" हे वाक्य येऊन आदळलं नाही, असं घर निदान ठाकुर्लीत तरी नसावं. दुसरी पायरी पाहुणे आले की. तिसरी रात्री, निजानीज झाल्यावर.

झिरोचा बल्ब हा आमच्या अर्थशास्त्राचा पाया होता. लिंबाएवढा, बहुधा निळा, क्वचित लाल. नावातच शून्य असल्याने तो वीज खात नाही, अशी घराघरांत श्रद्धा. प्रत्यक्षात तो 12 ते 15 वॉट खायचा. जुन्या मीटरची चकती एवढ्याशा विजेसाठी हलायचा कंटाळा करायची, आणि बिलात जे दिसत नाही ते शून्य, असा हिशेब. आज 9 वॉटचा एलईडी अख्खी खोली उजळतो. तरीही "रात्रभर कशाला मोठा दिवा?" म्हणून तो बंद करून त्याच्या दीडपट वीज खाणारा झिरो लावणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ती शून्यावर ठाम असतात.

अशा समाजाच्या जिन्यात 254 पायऱ्यांनी कमी-जास्त होणारा दिवा आला.

तसं पाहिलं तर वीज आमच्या गावाला नवी नाही. जीआयपी रेल्वेने 1920 च्या दशकात गाड्या विजेवर न्यायचं ठरवलं, तेव्हा स्वतःचं वीजघर बांधायला तिला ठाकुर्ली दिसली. चोळे गावावरून त्याचं नाव चोळा पॉवर हाऊस. ते बंद पडून जमाना झाला, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही "गाड्यांना वीज आम्ही दिली" असा सूर असतो. जणू तो कोळसा यांनीच फावड्याने टाकला. 2015 साली कल्याणपर्यंतच्या लोकलची वीज 1500 व्होल्ट डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर गेली, तेव्हा याच मंडळींनी "आता बघा, मजा गेली" असा अभिप्राय दिला होता. कशातली मजा, ते कोणी विचारलं नाही.

दिवा मंद करण्याचं तंत्रही आम्हाला जुनंच. भारनियमनाच्या वर्षांत ते आमच्याकडे फुकट मिळायचं. संध्याकाळी वीज आली रे आली की अख्ख्या कल्याण-डोंबिवलीचे पाण्याचे पंप एकदम सुरू व्हायचे आणि 230 व्होल्ट लाजत लाजत 160 वर यायचे. जुन्या तारेच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्याने उतरलं तर उजेड तिसऱ्या हिश्श्याने उतरत नाही, तो तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली जातो. म्हणजे 160 व्होल्टवर साठ वॉटचा बल्ब साधारण तीस टक्के उजेड द्यायचा. त्या उजेडात आम्ही दहावीचा अभ्यास केला. आज त्याच उजेडाला 'मूड लायटिंग' म्हणतात आणि त्यात बसून जेवायचे जास्त पैसे घेतात. ट्यूबलाइट मात्र या बाबतीत बाणेदार. व्होल्टेज पुरेसं नसेल तर ती पेटायचीच नाही, नुसती डोळे मिचकावायची. मग कोणीतरी स्टुलावर चढून स्टार्टर फिरवायचं, आणि त्यानेही भागलं नाही तर केरसुणीच्या दांड्याने तिला ढोसायचं.

घरगुती डिमरचेही प्रयोग झाले होते. हौशी वायरमन पंख्याचा रेग्युलेटर बल्बला जोडून द्यायचे. जुन्या, डब्याएवढ्या रेग्युलेटरवर बल्ब छान मंद व्हायचा आणि वाचलेली वीज रेग्युलेटर तापवण्यात खर्च व्हायची. नंतरचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून टाकतात, सेकंदाला शंभर वेळा. तारेच्या बल्बला त्याचं काही वाटत नाही, कारण एवढ्यात तार गार होत नाही. एलईडीला वाटतं. साधा एलईडी अशा रेग्युलेटरवर लावला तर तो एक तर फडफडतो, नाही तर गुणगुणतो, नाही तर तिसऱ्या खटक्यापर्यंत काहीच करत नाही आणि चौथ्याला लख्ख पेटतो.

आणि दिवाळीची माळ विसरून कसं चालेल? सर्वसामान्य ठाकुर्लीकराची डिजिटल प्रकाशनियंत्रणाशी पहिली गाठ तिनेच घालून दिली. माळेला एक काडेपेटीएवढी डबी, डबीला एक बटण, बटणात आठ तऱ्हा. पळणारी, उड्या मारणारी, हळूच फुलून हळूच विझणारी. घरातल्या बहुमताला आठवी हवी असते: नुसती स्थिर पेटलेली. पण बटण दाबणाऱ्याचा हात एकदा जास्त पडतो, माळ पुन्हा पहिलीवर जाते आणि पुढचे सात खटके मोजायला खाली अख्खं कुटुंब उभं राहतं. "आता थांब! थांब म्हटलं ना! गेली." दुसऱ्या दिवशी वीज आली की माळेला कालचं काही आठवत नाही. हे सगळं सविस्तर सांगतोय, कारण पुढे आमच्या सोसायटीत जे घडलं ते तंतोतंत हेच होतं, फक्त डबी महाग होती.

आमची जुनी इमारत तीन मजल्यांची. जिन्यात मजल्यागणिक एक बल्ब आणि सगळ्यांचं मिळून एक बटण, तळमजल्यावरच्या काकांच्या दाराशेजारी. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. बटण त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. दार तिथे होतं म्हणून ते त्यांचं. आमच्याकडे सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या ठोक्याला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वीसपर्यंत रेंगाळतो, आणि काकांचा हात बारा महिने त्याच्या मागोमाग सरकत असे. पावसाळी आभाळ असेल तर अर्धा तास आधी. गटारीला रात्रभर चालू, कारण त्या रात्री काही सभासदांना जिना नीट दिसणं सगळ्यांच्याच हिताचं. यासाठी कुठला ठराव नव्हता. कोणाला तक्रार असेल तर ती वर तोंड करून, जिन्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात करायची प्रथा होती आणि काका तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर देत.

मग पुनर्विकास झाला. तीन मजल्यांचे बावीस झाले. नव्वद फुटी रस्त्यावरच्या आणि खंबाळपाड्याच्या टॉवरमध्ये असतं ते सगळं आम्हालाही हवं होतं आणि बिल्डरने ते माहितीपत्रकात छापलं होतं: पोडियम, जिम, आणि 'इंटेलिजंट लायटिंग'. काकांना बारावा मजला मिळाला. त्यांच्या दाराशेजारी आता फक्त बेल होती.

ताबा घेताना कंत्राटदाराच्या माणसाने लॉबीत प्रात्यक्षिक दिलं. टॅबलेटवर बोट फिरवलं आणि लॉबीतले सगळे दिवे अगदी सावकाश मंद होत गेले. आता कल्याणचं अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचं फुले कलामंदिर यांच्या मधोमध वाढलेल्या माणसाला दिवे मंद होण्याचा एकच अर्थ माहीत असतो. तिसरी घंटा झाली. लॉबी गप्प. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली. एक-दोघांनी मोबाइल बंद केले. दिवे पुन्हा उजळले तेव्हा पडदा कुठे आहे हे लोक खरोखर शोधत होते, आणि नाटकाऐवजी एक पावर पॉइंट सुरू झाला.

या व्यवस्थेचं नाव डाली. 1990 च्या दशकात युरोपातल्या दिव्यांच्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलेली ही भाषा. दोन बारीक तारा सगळ्या दिव्यांतून फिरवायच्या आणि त्यांवरून प्रत्येक दिव्याला त्याच्या नंबराने हाक मारायची. एका जोडीवर जास्तीत जास्त 64 दिवे. त्यांचे 16 गट पाडता येतात आणि 16 'सीन' साठवता येतात, म्हणजे एका बटणावर कुठला दिवा किती, हे ठरलेलं. भाषा तशी धिमी आहे, सेकंदाला 1200 बिट, पण दिव्यांना बोलायचं तरी कितीसं असतं? "वाढ", "उतर", "कसा आहेस?" आणि दिवा सांगतो बरा आहे की गेला. सुनेने सासूबाईंना उत्तर द्यावं इतकं मोजकं. कल्पना उत्तम आहे, हे मी मनापासून म्हणतो. मोठ्या कचेऱ्यांत खिडकीजवळचे दिवे उन्हाप्रमाणे आपोआप उतरतात आणि विजेचं बिल खरंच खाली येतं. प्रश्न कल्पनेचा नव्हता. प्रश्न ती बावीस मजली मराठी-गुजराती-तमिळ सोसायटीच्या जिन्यात चढवण्याचा होता.

पहिली अडचण हजेरीची. या व्यवस्थेत दिव्यांना नंबर वाटायचं काम यंत्रच करतं आणि ते कुठल्याही क्रमाने करतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दिव्याला 41 आणि अठराव्याला 2. मग कुठला नंबर कुठे बसलाय, हे शोधायला एकेक दिवा लुकलुकवून बघावा लागतो. त्यासाठी एक मुलगा तळमजल्यावर लॅपटॉप घेऊन बसला आणि दुसरा जिन्यात धावायला ठेवला. दिवसभर जिन्यातून हाका: "लागला का?" "नाही!" "आता?" "वरती कुठेतरी लागला!" "किती?" "थांब, बघतो… सतरावा!" लिफ्ट वापरायची सोय नव्हती, कारण लिफ्टमधून जिना दिसत नाही. संध्याकाळी त्या धावणाऱ्या मुलाला चौदाव्या मजल्यावरच्या आजींनी बसवून पोहे खायला घातले आणि तू दुसरी नोकरी बघ असं सांगितलं. त्याने ऐकलं असावं. पुन्हा दिसला नाही.

त्यात हे नंबर शून्यापासून त्रेसष्टपर्यंत. त्यामुळे "सात नंबरचा दिवा गेलाय" अशी तक्रार केली की दुरुस्तीवाला मोजून आठवा उघडायचा किंवा सहावा, पण सातवा नाही. शून्य नंबरचा दिवा मीटर-रूमच्या दाराशी आला. "झिरो आहे ना? मग राहू दे रात्रभर," असा निर्णय खजिनदारांनी तिथल्या तिथे दिला. जिन्यातले 44 आणि लॉबीतले 20 मिळून बरोबर 64 भरले होते. गणपतीत मंडपात एक दिवा वाढवायची वेळ आली तेव्हा कळलं की पासष्टाव्या दिव्याला या भाषेत नाव नाही. त्याच्यासाठी तारांची दुसरी जोडी घ्यावी लागेल. शेवटी गणपती खजिनदारांच्या घरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर उजळला.

सोळा सीन ठरवायला उपसमिती नेमली. कंत्राटदाराने दिलेली नावं 'वेलकम', 'पार्टी', 'रिलॅक्स' अशी होती. उपसमितीने ती रद्द करून पुढीलप्रमाणे केली: रोजचा, सणाचा, गणपती, नवरात्र (गरबा), नवरात्र (आरती), साखरपुडा, सत्यनारायण, पाणी येण्याची वेळ, वार्षिक सभा, दुःखद. 'दुःखद'मध्ये उजेड किती असावा यावर फार चर्चा झाली. दुःख मोठं असलं तरी शेवटी माणसाला जिना उतरवून न्यायचं असतं, म्हणून जिना शंभर आणि लॉबी साठ असा मध्यम मार्ग निघाला. एका सभासदाने "कोणाचं आहे त्यावर ठरवू" अशी सूचना मांडली. तिला अनुमोदन मिळालं नाही, पण विरोधही झाला नाही.

आणि मग आला मुख्य विषय. रात्री अकरानंतर जिन्यात उजेड किती?

काकांच्या काळात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. यंत्राला मात्र आकडा लागतो. 'जरा कमी', 'बेताचा', 'डोळ्यावर येणार नाही इतपत' हे त्याला कळत नाही. आपल्याकडे माणसं वर्षानुवर्षं शेजारी राहू शकतात, कारण एकमेकांना नक्की किती द्यायचं, हे आपण कधी आकड्यात सांगत नाही. यंत्राने ते सांगायला लावलं. वरच्या मजल्यांवरचे म्हणाले वीस टक्के पुरे, लिफ्ट आहे ना. खालच्या मजल्यांवरचे, जे जिना खरोखर वापरतात, म्हणाले पन्नासच्या खाली नको. सकाळी 4 वाजून 50 मिनिटांच्या लोकलला जाणारे एक सभासद म्हणाले, शंभर. पण ते कमिटीत नव्हते. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी कागदावर मांडून दाखवलं: 44 दिवे, प्रत्येकी 10 वॉट, रात्रीचे सात तास, तीस टक्क्यांवर आणले तर महिन्याला साधारण 65 युनिट वाचतात. "म्हणजे किती रुपये?" "साडेसहाशेच्या आसपास." बावीस मजल्यांच्या इमारतीत साडेसहाशे रुपयांवर दोन तास बोलणं झालं आणि त्या दोन तासांत चहा-बिस्किटांचे आठशे झाले. ठराव मंजूर: तीस टक्के.

कंत्राटदाराच्या नव्या माणसाने ठराव वाचला. यंत्रात पायऱ्या 254. त्याने मोबाइलवर 254 चे तीस टक्के काढले, 76 आले, 76 टाकले, आणि सहाच्या लोकलने निघून गेला.

इथे थोडं डोळ्याविषयी सांगणं भाग आहे. माणसाचा डोळा उजेड सरळ हिशेबाने मोजत नाही. अंधारातला एक जास्तीचा दिवा त्याला डोंगराएवढा वाटतो आणि लख्ख उजेडातला एक कमी झाला तर पत्ताही लागत नाही. उजेड मोजायच्या यंत्राला जो तीस टक्के दिसतो, तो डोळ्याला निम्म्याहून थोडा अधिकच भासतो. हे ओळखून डालीवाल्यांनी पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवलेल्या नाहीत. खालच्या अगदी बारीक, वरच्या उंच. 254 वी पायरी म्हणजे शंभर टक्के, पण निम्मा उजेड 127 ला येत नाही, तो 229 ला येतो. 170 व्या पायरीवर दहा टक्के. खराखुरा तीस टक्के उजेड हवा असेल तर 210. आणि 76 व्या पायरीवर? एक टक्कासुद्धा नाही.

रात्री अकरा वाजता जिना गेला. बंद झाला नाही. दिव्याकडे रोखून पाहिलं तर आत काहीतरी पेटलेलं दिसत होतं. त्यामुळे तक्रार करणाऱ्याला "लाइट चालू आहेत, मी स्वतः बघितलेत" असं सेक्रेटरींना छातीठोकपणे सांगता येत होतं. सभेत वीस टक्के मागणाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं की तीस टक्के म्हणजे केवढा कमी असतो बघा, बरं झालं आमचं ऐकलं नाही. पन्नासवाल्यांनी लिहिलं की आम्ही सांगतच होतो. कोणीतरी मेणबत्तीचं चित्र टाकलं. आठवड्याने त्या माणसाने येऊन 210 केले, तेव्हा उलटी तक्रार आली: हा तर पूर्ण उजेड आहे, ठराव तीसचा आहे, सभेचा अवमान होतोय. उजेड मोजायचं यंत्र आणून दाखवलं तरी बँकवाल्या काकांखेरीज कोणाचं समाधान झालं नाही. त्यांचंही झालं ते आकडा जुळला म्हणून.

यावर तोडगा म्हणून सेन्सर बसवले. माणूस जिन्यात आला की पूर्ण उजेड, गेला की मंद. हा सेन्सर माणूस बघत नाही. तो हलणारी ऊब बघतो. न हलणारा माणूस त्याच्या लेखी भिंत. ऐरोली-ठाण्याच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना याचा अनुभव आहेच. स्वच्छतागृहात जरा निवांत बसलं की काळोख होतो आणि मग आतून दोन्ही हात वर करून हवेत हलवावे लागतात. पण कचेरीत माणूस कामाला बसतो. जिन्यात तो निरोप घेतो.

मराठी माणूस "निघतो" म्हणाला की खरं बोलायला सुरुवात करतो. दिवाणखान्यात तासभर जे झालं ते हवामान. मुख्य मजकूर दारात, एका पायात चप्पल घातल्यावर. सातव्या मजल्याच्या दाराशी दोन काकू उभ्या. एकीच्या हातात रिकामा डबा, दुसरीचा हात दाराच्या कडीवर. विषय कोणाच्या तरी मुलीचं मोडलेलं लग्न, त्यामुळे दोघीही श्वास रोखून स्थिर. मिनिटभराने सेन्सरने ठरवलं की इथे कोणी नाही. अंधार. पहिल्या काकूंनी वाक्य न तोडता डबा डोक्यावर नेऊन दोनदा हलवला. उजेड. "…आणि मग मुलाची आई म्हणाली…" पुन्हा अंधार, पुन्हा डबा. पाहता पाहता सगळ्या इमारतीला ही सवय लागली. आता आमच्याकडे मजल्यावर बोलताना कोणी हाताची घडी घालत नाही. नवे भाडेकरू सुरुवातीला बुजतात. त्यांना वाटतं सोसायटीत भांडणं फार.

मे महिन्यात निराळाच घोळ. अंगाची ऊब आणि भोवतालची ऊब यांतल्या फरकावर सेन्सरचा धंदा चालतो. दुपारी ठाकुर्लीच्या जिन्याच्या भिंती माणसाइतक्याच तापतात आणि मग सेन्सरला घामाघूम माणूस आणि गच्चीकडची भिंत यांत फारसा भेद उरत नाही. मांजर मात्र त्याला बरोबर दिसतं. रात्री तीन वाजता आमच्या जिन्यात मजल्यामागून मजला उजळत जातो, तो बोक्याच्या स्वागतासाठी.

सूर्यास्ताचं काम घड्याळाकडे दिलं होतं. या घड्याळाला अक्षांश-रेखांश सांगावे लागतात. ठाकुर्लीचे सुमारे 19.2 उत्तर आणि 73.1 पूर्व. ते कोणी सांगितलेच नव्हते. घड्याळ दिल्लीच्या सूर्यावर चालत होतं. उन्हाळ्यात पत्ता लागला नाही, कारण जूनमध्ये दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच वेळी मावळतो. डिसेंबरमध्ये दिल्लीचा सूर्य अर्धा तास आधी बुडाला आणि भर उन्हात आमची लॉबी 'रोजचा' सीन घेऊन उजळली. बाराव्या मजल्यावरचे काका खाली उतरून उजेडाकडे आणि मग आभाळाकडे पाहत उभे राहिले. काही बोलले नाहीत. त्यांच्या बोटांची नुसती चाळवाचाळव चालली होती.

या व्यवस्थेची एक गोष्ट मला फार आवडते. दिव्यांचा आणि मेंदूचा संपर्क तुटला, किंवा वीज जाऊन परत आली, की वेगळं काही सांगितलेलं नसेल तर प्रत्येक दिवा शंभर टक्क्यांवर जातो. विचार सुरक्षेचा आहे आणि योग्यच आहे. पण आमच्याकडे वीज जाते ती मध्यरात्री, आणि येते पहाटे अडीचला. त्या क्षणी ठराव, उपसमिती, सीन, तीस टक्के, सगळं विसरून चौसष्टच्या चौसष्ट दिवे लख्ख पेटतात आणि कोणीतरी टॅबलेटचा पासवर्ड शोधेपर्यंत पेटलेले राहतात. पासवर्ड पहिल्या कंत्राटदाराच्या माणसाला माहीत आहे. तो आता दुबईत असतो.

तेव्हा वार्षिक सभेपुढे विषय आला देखभाल कराराचा. कंत्राटदाराचं म्हणणं: वर्षाला छत्तीस हजार अधिक कर, मग आम्ही बघतो. बँकवाल्या काकांनी पुन्हा कागद काढला. वाचणारी वीज वर्षाला आठ हजारांच्या घरात. "म्हणजे आठ हजार वाचवायला छत्तीस द्यायचे?" सभागृहात शांतता पसरली. हा प्रश्न विचारला जाईल हे कमिटीला माहीत होतं, उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. सगळे आपापल्या खुर्चीत अगदी स्थिर, नजर समोरच्याच्या मानेवर. अध्यक्षांनी घसा साफ केला. "तर मग देखभाल कराराच्या बाजूने ज्यांचं मत आहे, त्यांनी—"

नेमका तेव्हा सेन्सरने सभागृह रिकामं धरलं आणि दिवे गेले. सवयीने साठ-सत्तर हात एकदम वर झाले आणि हलायला लागले. उजेड आला.

"सर्वानुमते मंजूर," सेक्रेटरी म्हणाले आणि इतिवृत्तात लिहूनही मोकळे झाले. सूचक म्हणून सातव्या मजल्यावरच्या काकूंचं नाव घातलं, कारण त्यांचे दोन्ही हात वर होते.